घरातला खून आणि पुस्तकांचे न्यायालय

आपल्याकडे खुनाच्या गोष्टी वाचणे हे जरा चोरून करावयाचे काम समजले जाते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचल्याच्या आठवणी वडीलधारी मंडळी मोठ्या चवीने सांगतात. पण तीच मंडळी आपल्या मुलीच्या हातात खुनाच्या खटल्याचे पुस्तक पाहिले की कपाळाला आठ्या घालतात. मागच्या सत्रात ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर मी असे एक जुने पुस्तक मागितले, तेव्हा "परीक्षा जवळ आली, आणि हे काय?" असा प्रश्न मला ऐकावा लागला. त्या वेळी मला नीटसे उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावयास हरकत नाही.

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की येथे रहस्यकथांचा विचार नाही. रहस्यकथेतला खून लेखकाने रचलेला असतो आणि त्याचे उत्तरही लेखकाच्या खिशात असते. मी बोलते आहे ती खरोखर घडलेल्या खुनांवरची पुस्तके. त्यांतही चार भिंतींच्या आत, नवरा, बायको, मूल, सावत्र आई, प्रियकर अशा नात्यांच्या माणसांत घडलेल्या खुनांवरची. इंग्रजीत अशा पुस्तकांची मोठी परंपरा आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली 'ट्रिब्यून' साप्ताहिकात इंग्लंडमधल्या खुनाचा दर्जा घसरल्याबद्दल एक उपरोधिक निबंध लिहिला होता. रविवारचे जेवण झाले आहे, शेकोटी पेटली आहे, पाय वर घेऊन गृहस्थ वर्तमानपत्र उघडतो, आणि त्याला वाचावयाचे असते ते खुनाचे वृत्त. ऑर्वेलच्या मते या खुनांचा सुवर्णकाळ साधारण १८५० ते १९२५ हा. त्या काळातले बहुतेक गाजलेले खून मध्यमवर्गातले, घरगुती, आणि बरेचसे विषाचे होते. गुन्हेगार हा दरोडेखोर नसून शेजारच्या घरात राहणारा, चारचौघांत मान असलेला माणूस होता. वाचकाचे कुतूहल चाळवले ते नेमके यामुळेच असावे. शेजारच्या घराचे दार बंद असते. खटला उभा राहिला की ते उघडते आणि आत काय शिजत होते, कोण कोणत्या खोलीत झोपत होते, हे सर्व चव्हाट्यावर येते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १८६० मधील रोड हिल हाउसचे प्रकरण. विल्टशर परगण्यातील रोड या खेड्यात सॅम्युएल केंट नावाचा सरकारी अधिकारी मोठ्या घरात राहत असे. २९ जूनच्या रात्री त्याचा जेमतेम चार वर्षांचा मुलगा अंथरुणातून नाहीसा झाला आणि दुसऱ्या दिवशी आवारातील शौचकूपात त्याचे प्रेत सापडले. दारे-खिडक्या आतून बंद करणाऱ्या घरात खुनी बाहेरून आलेला असणे कठीण होते. लंडनहून स्कॉटलंड यार्डचा व्हिचर नावाचा गुप्त पोलीस आला. घरातल्या कपड्यांच्या यादीत एक रात्रीचा झगा कमी आहे एवढ्याशा धाग्यावरून त्याने पहिल्या बायकोच्या सोळा वर्षांच्या मुलीला, कॉन्स्टन्सला, अटक केली. लोक चिडले, ते मात्र व्हिचरवर! खालच्या थरातून वर आलेल्या एका शिपाईगड्याने सभ्य घरातील मुलीच्या झग्याची चौकशी करावी, हीच गोष्ट खुनापेक्षा अधिक अब्रह्मण्यम् वाटली. मुलगी सुटली, व्हिचरचे नाव धुळीला मिळाले. आणि १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने आपण होऊन कबुली दिली. वीस वर्षे तुरुंगात काढून ती १८८५ मध्ये सुटली, नाव बदलून ऑस्ट्रेलियात गेली, परिचारिका झाली, आणि १९४४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारली.

या खुनावर १८६१ मध्येच एक पुस्तक निघाले. ते केंट कुटुंबाच्या परिचयातल्या स्टेपल्टन या डॉक्टरने लिहिले होते. विल्की कॉलिन्सने हरवलेल्या झग्याची कल्पना उचलून १८६८ मध्ये 'द मूनस्टोन' ही कादंबरी रचली. चार्ल्स डिकन्सनेही या खुनाविषयी आपला एक तर्क बांधला होता, आणि तो साफ चुकीचा ठरला. पुढे २००८ साली केट समरस्केल या लेखिकेने व्हिचरला मध्यभागी ठेवून या प्रकरणावर पुस्तक लिहिले आणि त्याला सॅम्युएल जॉन्सन पारितोषिक मिळाले. समरस्केलबाईंच्या पुस्तकाची बांधणी रहस्यकथेची आहे, पण आतला प्रत्येक तपशील कागदपत्रांतून घेतलेला आहे. घराचा नकाशा, गाडीची वेळ, नोकरांची संख्या, त्या दिवशीचे हवामान हे सर्व त्यात येते. कादंबरीकार हवामान मनाने लिहितो. या लेखिकेला ते त्या काळच्या नोंदींतून शोधावे लागले. या प्रकारच्या लेखनाचा कस कशात लागतो, हे मला येथे प्रथम कळले.

तथापि माझ्या मनात घर करून राहिले ते दुसरे प्रकरण, आणि त्याबद्दलच मला थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. एडिनबरोच्या विल्यम हॉज आणि कंपनीने १९०५ पासून गाजलेल्या खटल्यांचे खंड काढावयास सुरुवात केली. 'नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स' या नावाने ही माला पुढे प्रसिद्ध झाली आणि तिचे ऐंशीहून अधिक खंड निघाले. त्यांची रचना ठरलेली असे. आरंभी संपादकाची प्रदीर्घ प्रस्तावना, मग महत्त्वाच्या तारखांचा तक्ता, मग साक्षी, उलटतपासण्या, वकिलांची भाषणे व न्यायाधीशांचा समारोप, आणि शेवटी परिशिष्टे. फिल्सन यंगने संपादित केलेला १९२३ चा खंड हा फ्रेडरिक बायवॉटर्स आणि एडिथ थॉम्पसन यांच्या खटल्याचा आहे. मी ग्रंथालयात मागितले होते ते हेच पुस्तक.

हकीकत थोडक्यात अशी. एडिथ लंडनमधील एका टोप्यांच्या घाऊक पेढीत हिशेब व खरेदीचे काम पाहत असे. हुशार, कामात वाकबगार. पेढीच्या कामासाठी पॅरिसलाही जाऊन आलेली. १९१६ मध्ये तिने पर्सी थॉम्पसन या जहाज कचेरीतील कारकुनाशी लग्न केले. दोघांनी इलफर्ड या उपनगरात घर घेतले. लग्नानंतरही ती नोकरी करीत राहिली आणि तिची मिळकत नवऱ्यापेक्षा कमी नव्हती, ही गोष्ट त्या काळच्या मानाने लक्षात घेण्याजोगी आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात तिच्या माहेरच्यांच्या ओळखीतला, तिच्याहून आठ वर्षांनी लहान असा फ्रेडी बायवॉटर्स त्यांच्याकडे राहावयास आला. तो पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजावर नोकर होता. (याच कंपनीची जहाजे आपल्या मुंबई बंदरातही येत.) दोघांचे प्रेम जमले, घरात भांडण झाले, पर्सीने बायकोवर हात टाकला, आणि बायवॉटर्सला घर सोडावे लागले. पुढे तो महिनोन् महिने समुद्रावर असे आणि एडिथ त्याला पत्रे लिही. लांबच लांब पत्रे. त्यात कचेरीतल्या गमती, पाहिलेली नाटके, वाचलेल्या कादंबऱ्यांची चर्चा, घरातला कंटाळा आणि प्रेम, सगळेच असे. त्याची पत्रे ती नष्ट करी. तिची पत्रे त्याने मात्र जपून ठेवली.

१९२२ च्या ३ ऑक्टोबरला थॉम्पसन पतिपत्नी क्रायटेरियन थिएटरात 'द डिपर्स' नावाचे विनोदी नाटक पाहून रात्री उशिराच्या गाडीने इलफर्डला परतली. घराकडे चालत जात असता अंधारातून बायवॉटर्स पुढे आला व त्याने पर्सीला सुऱ्याने भोसकले. नको, नको, असे एडिथ ओरडत होती, हे शेजारच्या एका माणसाने ऐकले. पर्सी तेथेच मेला. पोलिसांना बायवॉटर्सच्या सामानात एडिथची साठांहून अधिक पत्रे सापडली; आणि ज्या स्त्रीने सुऱ्याला हातही लावला नव्हता ती त्या पत्रांमुळे खुनाच्या आरोपाखाली त्याच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

पत्रांत काय होते? भयंकर होते, हे मान्य केलेच पाहिजे. नवऱ्याच्या अन्नात आपण विजेच्या दिव्याची फुटकी काच मिसळली, चहा कडू लागल्याची त्याने तक्रार केली, अशा अर्थाचे मजकूर त्यात आहेत. विषप्रयोगाच्या बातम्यांची वर्तमानपत्रातील कात्रणे आहेत. रॉबर्ट हिचन्सच्या 'बेला डोना' या कादंबरीत नायिका नवऱ्याला विष देऊन मारू पाहते; त्या कादंबरीत उल्लेखिलेल्या डिजिटॅलिनचा काही उपयोग आहे काय, अशीही पृच्छा आहे. सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल इन्स्किप यांचे म्हणणे एवढेच होते, की ही पत्रे म्हणजे चिथावणी, आणि इलफर्डच्या रस्त्यावरचा सुरा हा त्या चिथावणीचा शेवट.

आता दुसरी बाजू. सरकारचे स्वतःचे तज्ज्ञ बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी पर्सीच्या प्रेताची तपासणी केली. काचेचा वा विषाचा मागमूस त्यांना आढळला नाही. बायवॉटर्सने साक्षीत सांगितले की तिचे हे लिहिणे त्याने कधी खरे मानलेच नाही. त्याने तिला दिले होते ते फक्त किनाईन. म्हणजे जे पत्रात घडले ते घरात घडले नव्हते, असे मानण्यास पुष्कळ आधार होता. समुद्रावर दूर गेलेला वीस वर्षांचा तरुण आपल्याला विसरेल या भीतीने एक अठ्ठावीस वर्षांची, कादंबऱ्यांत बुडालेली बाई स्वतःलाच कादंबरीची नायिका करून लिहीत होती, असा बचावाचे वकील कर्टिस-बेनेट यांचा रोख होता. पण ज्युरीसमोर हे सिद्ध कसे करावयाचे? वकिलांचा सल्ला डावलून एडिथ स्वतः साक्षीला उभी राहिली. एकेका वाक्याचा अर्थ तिला विचारण्यात आला, आणि एकेका वाक्यात ती अधिकच गुरफटत गेली.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या खंडातील उलटतपासणी मुद्दाम वाचावी असे मला वाटते. वर्गात आपण शिकतो की 'मी' म्हणणारा निवेदक आणि लेखक यांत भेद करावा. येथे तो भेद करता आला नाही तर फाशी होती. बाई कादंबरीतील पात्राबद्दल बोलते आहे की स्वतःबद्दल, हा प्रश्न एरवी पंधरा गुणांचा असतो. शिवाय जी पत्रे न्यायालयात वाचली गेली ती सापडलेल्यांपैकी साधारण निम्मीच होती. ती निवडली होती सरकार पक्षाने. सलग वाचले तर दहा पाने टोप्या, नाच, पाऊस आणि एखादी ओळ काचेची, असे त्यांचे प्रमाण आहे. निवडून वाचले की काचच काच.

न्यायमूर्ती शीअरमन यांना हे प्रकरण ओंगळ वाटले व त्यांनी ते लपवले नाही. विवाहित स्त्रीने परपुरुषाला असे लिहावे याबद्दलची त्यांची घृणा समारोपाच्या पानापानांत दिसते. ज्युरीत अकरा पुरुष व एक स्त्री होती. दोन तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन ११ डिसेंबर १९२२ रोजी त्यांनी दोघांनाही दोषी ठरवले. अपील फेटाळले गेले. बायवॉटर्सची फाशी रद्द व्हावी म्हणून निघालेल्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. तरुण पोर बाईच्या नादाने बिघडला, असे लोकांचे मत होते. स्वतः बायवॉटर्स अखेरपर्यंत सांगत राहिला की एडिथला काही माहीत नव्हते. एडिथचा एकोणतिसावा वाढदिवस नाताळच्या दिवशी फाशीच्या कोठडीत उजाडला. १९२३ च्या ९ जानेवारीला सकाळी नऊ वाजता, तिला हॉलोवे तुरुंगात आणि त्याला पेंटनव्हिलमध्ये, एकाच वेळी फाशी देण्यात आले. १९०७ नंतर ब्रिटनमध्ये स्त्रीला फाशी झालेली नव्हती.

पुस्तकांचे न्यायालय यानंतर बसले, आणि ते आजही उठलेले नाही. यंगचा खंड त्याच वर्षी निघाला. त्याच्या परिशिष्टात न्यायालयात न वाचलेली पत्रेही छापलेली असल्यामुळे खटल्यात ज्युरीला जे दिसले नाही ते पुढच्या वाचकाला दिसू लागले. एका प्रकाशकाच्या चिकाटीमुळे केवढा फरक पडू शकतो! टेनिसन जेस हिने १९३४ मध्ये या प्रकरणावर 'अ पिन टु सी द पीपशो' ही कादंबरी लिहिली. या बाईने खटल्यांच्या मालेतील खंडही संपादित केले होते, म्हणजे दोन्ही बाजूंचे काम तिला ठाऊक होते. एडगर लस्टगार्टनने १९४९ मध्ये 'व्हर्डिक्ट इन डिस्प्यूट' या पुस्तकात सहा वादग्रस्त निकाल तपासले, त्यात एक एडिथचा. लस्टगार्टन स्वतः बॅरिस्टर. त्याचे लेखन वकिली थाटाचे, चुरचुरीत. वाचताना मजा येते पण घर दिसत नाही. १९८८ मध्ये रेने वाइस या प्राध्यापकाने 'क्रिमिनल जस्टिस' लिहून एडिथचे सारे आयुष्य दिवसवार मांडले. वाइस हे शेक्सपिअरचे अभ्यासक आणि त्यांची पद्धत संहितेच्या अभ्यासकाचीच आहे. पत्रातील ज्या 'काही घेण्या'च्या उल्लेखांवरून विषप्रयोगाचा अर्थ काढला गेला, त्यांतील काही नको असलेल्या गर्भाविषयी असावेत, असे त्यांनी दाखवले. १९२२ च्या न्यायालयात बचावाच्या वकिलाला हे बोलणेही अवघड होते. कारण खुनातून सोडवण्यासाठी दुसऱ्या गुन्ह्याची व बेअब्रूची कबुली द्यावी लागली असती. लॉरा थॉम्पसन या लेखिकेचे २०१८ मधील पुस्तकही एडिथच्याच बाजूचे आहे. त्याच वर्षी एडिथचे अवशेष ब्रुकवुड येथून हलवून तिच्या आईवडिलांच्या थडग्याशेजारी नेण्यात आले.

आमच्या अभ्यासमंडळात आम्ही या खटल्याचा एक प्रयोग केला. योगायोग असा की त्या दिवशी आम्ही अकरा मुली व एक मुलगा असे बाराजण होतो, म्हणजे मूळ ज्युरीच्या बरोबर उलट! प्रथम सरकार पक्षाने निवडलेले उतारे वाचले व गुप्त मतदान घेतले. आठजणांनी दोषी ठरवले. (मीही त्यात होते, हे येथे नमूद करते.) पुढच्या शनिवारी उरलेल्या पत्रांतील उतारे वाचले. दोषी म्हणणारे तिघेच उरले. तिघांपैकी एकीचा मुद्दा असा होता की एडिथने पोलिसांना पहिल्यांदा हल्लेखोराचे नाव सांगितलेच नाही. खरे बोलणारी बाई असे करील का? हा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. त्यावर बराच वाद झाला. मग तीच मैत्रीण म्हणाली, "आपण सगळे एडिथविषयी बोलतोय. मेला तो पर्सी. त्याच्याबद्दल या पुस्तकांत किती पाने आहेत?"

आम्ही गप्प झालो. खरोखर किती पाने आहेत? पर्सी थॉम्पसन हा बत्तीस वर्षांचा माणूस या पुस्तकांत एक कंटाळवाणा, चिडका, कधी मारकुटा नवरा म्हणून येतो आणि रस्त्यात पडून मरतो. त्याने बायकोवर हात टाकला ही गोष्ट झाकावयाची नाही. परंतु जे लेखक एडिथच्या एकेका शब्दाला सहानुभूतीने वळवून पाहतात, ते पर्सीच्या स्वभावाबद्दल साधी चौकशीही करीत नाहीत. त्याची पत्रे नाहीत, हे एक कारण. आणि तो रसहीन आहे, हे दुसरे. न्यायाधीशांनी एडिथला तिच्या आवडीनिवडीवरून तोलले म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. मग नवरा नीरस होता म्हणून त्याला चार ओळींत गुंडाळणारे आपण वाचक कोणत्या न्यायाने वागतो?

घरगुती खुनांच्या पुस्तकांतील हा दोष एकदा दिसला की सर्वत्र दिसू लागतो. १९३१ च्या लिव्हरपूलमधील वॉलेस प्रकरण घ्या. विमा कंपनीचा दलाल विल्यम वॉलेस याच्यासाठी १९ जानेवारीच्या संध्याकाळी बुद्धिबळाच्या क्लबात दूरध्वनीवर निरोप आला : क्वालट्रो नावाच्या गृहस्थाला विम्याचे काम आहे, उद्या साडेसात वाजता २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट येथे यावे. दुसऱ्या दिवशी वॉलेस ट्रामने गेला, रस्ता शोधत हिंडला. मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ होते, साउथ होते, वेस्ट होते, ईस्ट नव्हतेच. पावणेनऊला तो घरी परतला तेव्हा बायको ज्युलिया बैठकीच्या खोलीत डोके फुटून मरून पडली होती. निरोप खऱ्या खुन्याचा की आपणच रचलेला? ज्युरीने वॉलेसला दोषी ठरवले. अपील न्यायालयाने पुराव्याला धरून नाही म्हणून तो निकाल रद्द केला. खुनाच्या खटल्यात अशा कारणाने निकाल फिरण्याची ही पहिलीच वेळ. दोनच वर्षांनी वॉलेस वारला.

बुद्धिबळ, ट्रामच्या वेळा, नसलेला पत्ता! लेखकांना याहून आणखी काय हवे? डोरोथी सेअर्सने यावर दीर्घ निबंध लिहिला, जोनाथन गुडमनने १९६९ मध्ये पुस्तक लिहून दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवले, पुढे आणखी पुस्तके आली. मिनिटामिनिटाचा हिशेब झाला. आणि ज्युलिया? पन्नाशीच्या आसपासची, नाजूक प्रकृतीची, पियानो वाजवणारी बाई, एवढेच वर्णन एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेले. २००१ साली जेम्स मर्फी या संशोधकाने जन्माच्या नोंदी काढल्या तेव्हा कळले की मरताना ती एकोणसत्तर वर्षांची होती. नवऱ्यापेक्षा सुमारे सतरा वर्षांनी मोठी. लग्नाच्या नोंदीत तिने आपले वय ३७ लिहवले होते, असायला हवे होते ५२. सत्तर वर्षे लोकांनी तो खून पिंजून काढला. मेलेल्या बाईचे वय मात्र कोणी तपासले नव्हते. आपले वय दडवून सतरा वर्षे संसार करणाऱ्या त्या बाईच्या मनात काय असेल, ही मला त्या नसलेल्या पत्त्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

डॉक्टर क्रिपेनच्या १९१० मधील प्रकरणात हेच झाले. त्याची बायको कोरा ही पुस्तकांतून भांडखोर, भडक, उधळी म्हणून रंगवली गेली, जणू तिला मारणे हा नवऱ्याचा नाइलाजच होता. वस्तुतः ती नाटकशाळांतील स्त्री कलावंतांच्या मंडळाची खजिनदार होती आणि तिच्या मंडळातील मैत्रिणींनी चिकाटीने चौकशी केली म्हणूनच प्रकरण पोलिसांपर्यंत पोचले. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०२५ मधील आपल्या पुस्तकात ही बाजू पुढे आणली आहे. शंभराहून अधिक वर्षे त्याला लागली.

आपल्याकडे असे काही आहे का, असा प्रश्न येथे कोणी विचारील. खटल्यांच्या छापील खंडांची तशी माला आपल्याकडे झाली नाही. पण एका अर्थाने आपण या वाटेवर आधीच गेलो आहोत. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व नंतर ती काळ्या पाण्यावर आणली गेली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या नीतीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. हे काही खटल्यावरचे पुस्तक नव्हे. त्यात साक्षी नाहीत, तारखा नाहीत. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाई का, तिला तेथवर आणणारा पुरुष कोठे आहे, हा जो प्रश्न इंग्रज लेखकांना एडिथच्या निमित्ताने चाळीस वर्षांनी पडला, तो ताराबाईंनी त्याआधीच विचारून ठेवला होता. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधील बेणारेबाईंवरचा लुटुपुटीचा खटला आठवला म्हणजे शीअरमनसाहेब फारसे परके वाटत नाहीत.

मुंबईच्या नानावटी प्रकरणात चित्र उलटे होते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाच्या कमांडर नानावटी यांनी बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते कायम केले आणि १९६४ मध्ये माफी मिळाली. 'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींच्या बाजूने उभे राहिले, सिनेमे निघाले. २०१७ मध्ये बाची करकरिया यांनी त्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. गणवेशातील देखणा अधिकारी एकीकडे आणि मेलेला आहुजा दुसरीकडे. लोकांनी पक्ष आधीच निवडला होता. पत्रे येथेही होती, सिल्व्हिया नानावटींनी आहुजाला लिहिलेली. पण एडिथप्रमाणे त्या पत्रांनी लिहिणारीला पिंजऱ्यात नेले नाही. मेलेल्याचे तोंड मात्र काळे केले.

परवा मी यंगचा खंड परत करावयास गेले. तारीख उलटून गेली होती, दंड भरला. खिडकीवरच्या बाईंनी पुस्तक चाळले, मधल्या छायाचित्राशी थांबल्या व विचारले, "हिने केला होता का?" मी म्हटले, "मला नाही वाटत." त्या आणखी थोडा वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी पुस्तकाच्या पाठीमागे शिक्का मारला व ते मागच्या कपाटात न ठेवता आपल्या टेबलाच्या खणात ठेवले.